खाडीचं पाणी कोण ठरवतं? नदीचा प्रवाह, वारा आणि आपल्या कोयनेचं अवजल



जयसिंगपूर ते समुद्र हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी शंभर किलोमीटरच्या वर भरतं. मध्ये सह्याद्री उभा. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याच्या सहलीत, एखादा दिवस. त्यामुळे नववीच्या वर्गात भरती-ओहोटी शिकवताना ‘खाडी’ हा शब्द आला की मुलांच्या डोळ्यांसमोर फारसं काही येत नाही. व्याख्या पाठ होते. ‘भरतीचे पाणी नदीच्या मुखातून आत जिथपर्यंत शिरते तो भाग म्हणजे खाडी.’ दोन गुण मिळतात आणि विषय संपतो.

गेल्या पावसाळ्यात मात्र विषय तिथे संपला नाही. कोयना धरण किती भरलं याच्या बातम्या चालू होत्या. एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, आमचं आबा म्हणत्यात, कोयनेचं येवढं पाणी वीज करून समुद्रात सोडत्यात. सगळं वाया जातंय.” मागच्या बाकावरच्या मुलीनं लगेच पुस्ती जोडली, “आणि समुद्रात गेलं की खारटच होतंय की. थोडं गेलं काय, जास्त गेलं काय, काय फरक पडतोय?”

दोन्ही वाक्यं आपण मोठी माणसंही सहज बोलतो. त्यांचं उत्तर त्या दिवशी मला नीट देता आलं नाही. “उद्या बोलू,” असं सांगून वेळ मारून नेली. मग वाचलं, घरी ग्लासात पाणी घेऊन चार प्रयोग केले आणि वर्गात घेतले. ते सगळं तुमच्यासाठी इथे मांडते. भूगोल, विज्ञान आणि गणित असे तीन तास यात सहज बसतात.

आधी आपलं खाडीशी नातं

कोयना ही कृष्णेची उपनदी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून कृष्णा सांगलीला येते, हरिपूरला वारणा मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. म्हणजे नकाशाच्या हिशेबानं कोयनेचं पाणी आपल्या दारावरूनच जायचं.

पण कोयना धरणातलं बरंचसं पाणी उलट्या दिशेला, पश्चिमेला जातं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते कोकणच्या बाजूला खाली सोडतात. पोफळी आणि अलोरेच्या वीजगृहांत जनित्रं फिरवून ते बाहेर पडतं. वीज तयार झाल्यावर बाहेर पडणाऱ्या या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. हे अवजल वाशिष्ठी नदीत जातं. वाशिष्ठी चिपळूणवरून पुढे वाहते, खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळजवळ ती अरबी समुद्राला मिळते. हीच दाभोळची खाडी.

कृष्णा पाणी तंटा लवादानं, म्हणजे बच्छावत लवादानं, कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवली. मुलांना ‘टीएमसी’ म्हटलं की काही समजत नाही. म्हणून फळ्यावर गणित करायचं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. ६७.५ टीएमसी म्हणजे साधारण १९१ कोटी घनमीटर. वर्षात ३ कोटी १५ लाखांहून थोडे जास्त सेकंद. भागाकार केला की दर सेकंदाला साधारण ६० घनमीटर येतात, म्हणजे साठ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर दर सेकंदाला, वर्षभर, रात्रंदिवस! ही सरासरी आहे. प्रत्यक्षात विजेची मागणी वाढली की पाणी जास्त सुटतं, कमी झाली की कमी.

कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. वाशिष्ठी मात्र या अवजलामुळे बारमाही वाहते. म्हणजे आपल्या कृष्णा खोऱ्यातलं पाणी १९६० च्या दशकापासून एका खाडीत जातंय. मग त्या खाडीच्या पाण्यात फरक पडत असेल की नाही? हा प्रश्न वर्गात टाकून पुढे जायचं.

मीठ हा साक्षीदार

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात त्यामानानं जवळजवळ नसतातच. खाडीत ही दोन्ही पाणी एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तिथली क्षारता शून्य ते ३५ यांच्या मधे कुठेही असू शकते.

क्षारता मोजायला पाणी आटवत बसावं लागत नाही. क्षार जितके जास्त, तितकी पाण्यातून वीज जास्त वाहते. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या मुलांना हे सांगायला फार सोपं जातं, कारण क्षारपड जमिनीमुळे घरोघरी माती परीक्षणाचे कागद असतात आणि त्यावर ‘ईसी’ लिहिलेलं असतं. ईसी म्हणजे विद्युत वाहकता. समुद्र संशोधकही तत्त्व तेच वापरतात.

आता खरी गंमत. पाण्यात मिसळलेलं मीठ सहसा कुणी खात नाही, ते तळाशी बसत नाही, हवेत उडूनही जात नाही. म्हणून ते साक्षीदारासारखं असतं. ‘या पाण्यात समुद्र किती आणि नदी किती’ हे ते सांगतं.

समजा, खाडीतल्या एका ठिकाणी क्षारता १४ आली. १४ भागिले ३५ म्हणजे ०.४. तिथलं ४० टक्के पाणी समुद्राचं, ६० टक्के नदीचं. आता नायट्रेट घेऊ. हे आपल्या खतातलं नत्र, पाण्यातल्या शेवाळाचं अन्न. समजा नदीत नायट्रेट ६० एकक आहे आणि समुद्राच्या वरच्या पाण्यात ५ एकक. (आकडे कल्पित आहेत, गणितापुरते.) नुसती सरमिसळ झाली असेल तर तिथे ०.६ × ६० अधिक ०.४ × ५, म्हणजे ३८ एकक नायट्रेट मिळायला हवं.

प्रत्यक्ष मोजल्यावर ३८ च आलं, तर तिथे नुसतं मिसळणं चाललंय. २५ आलं, तर १३ एकक कुणीतरी खाल्लं. बहुधा सूक्ष्म वनस्पतींनी, किंवा तळच्या चिखलातल्या जीवाणूंनी. ५० आलं, तर वाटेत कुणीतरी भर घातली. गटार, कारखाना, शेतातला निचरा, कुठून तरी आली. (नदीची, समुद्राची आणि खाडीची मापं एकाच सुमारास घ्यायला हवीत, नाहीतर हिशेब चुकतो.)

हे गणित सातवी-आठवीच्या मुलाला येतं. आणि जगभरचे खाडी-अभ्यासक सुरुवात याच हिशेबानं करतात. शेकडेवारीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण जरूर द्या.

नदीचा जोर : एकाच खाडीचे दोन अवतार

पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या खाड्यांचा बारकाईनं अभ्यास झालाय, त्यांत गोव्याच्या मांडवी आणि झुआरी येतात. कारण साधं आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था पणजीजवळ दोना पावला इथे, या दोन खाड्यांच्या मधल्या टोकावर आहे. म्हणून आता थोडा वेळ दाभोळहून गोव्याला जाऊ.

मांडवीत उन्हाळ्यात नदीचं पाणी फारच थोडं येतं. भरती-ओहोटी मात्र दिवसातून दोनदा चालूच. उधाणाच्या भरतीला पाणी सुमारे दोन मीटरनं वरखाली होतं. एवढ्या घुसळणीत वरचं आणि खालचं पाणी एकजीव होतं. पृष्ठभागावर मोजा नाहीतर तळाशी मोजा, क्षारता जवळपास सारखीच. पावसाळा संपला की समुद्राचं खारं पाणी महिन्यामहिन्यानं आत सरकत जातं आणि मे अखेरीस ते सर्वांत आत पोचलेलं असतं. गोव्यातली मिठागरं उन्हाळ्यातच का चालतात, त्याचं एक कारण यात आहे. कडक ऊन तर हवंच, पण खाडीतून आत घेतलेलं पाणीही पुरेसं खारं हवं.

जून उजाडतो आणि चित्र पालटतं. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो. कृष्णेला आपल्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंत शेकडो किलोमीटर जावं लागतं. कोकण-गोव्यातल्या नद्यांना घाट ते समुद्र हे अंतर फार थोडं. त्यामुळे पाणी एकदम येतं. जोराचा पाऊस असला की पणजीजवळ, म्हणजे मुखापाशीसुद्धा, वरचं पाणी जवळपास गोडं होतं.

पण समुद्र पूर्ण हरत नाही. खारं पाणी जड असतं. ते तळाशी पाचरीसारखं आत शिरलेलं राहतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून सरकत समुद्रात जातं. एकाच जागी, वर गोडं आणि खाली खारं. दोन मजली पाणी!

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. नदीचं पाणी थोडं आलं की खाडी एकजीव खारट होते. जास्त आलं की तिचे दोन थर होतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या खाड्या आहेत.

*प्रयोग १ : दोन मजली पाणी.* किराणा दुकानातून ३५ ग्रॅम मीठ मोजून आणा आणि एक लिटर पाण्यात विरघळवा. हा आपला समुद्र. काचेच्या उभट बरणीत तो अर्ध्यापर्यंत भरा. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात शाईचे दोन-तीन थेंब टाका. ही नदी. आता चमच्याची पाठ खाऱ्या पाण्याला टेकवून त्यावरून शाईचं पाणी अगदी हळू सोडा. वर रंगीत थर, खाली स्वच्छ थर. मुलांना आधी विचारा, “काय होईल?” बहुतेक मुलं म्हणतात, “मिसळंल की.” मिसळत नाही, तेव्हा त्यांचे चेहरे बघा. नंतर चमचा हळूहळू वरखाली करा. ही भरती-ओहोटीची घुसळण. शाईचा थर पातळ असेल तर लवकर मिसळतो, जाड असेल तर जास्त घुसळावं लागतं. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही बरणीत दिसतात.

गाळ कुठे बसतो?

नदी नुसतं पाणी आणत नाही, माती आणते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची झीज होऊन निघालेले क्षार आणते. त्यात सिलिकाही असते. समुद्रात ‘डायटम’ नावाच्या सूक्ष्म वनस्पती आहेत. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. लहान जीव डायटम खातात, त्यांना मासे खातात. म्हणजे ताटातल्या बांगड्याचा धागा कुठेतरी घाटातल्या दगडापर्यंत जातो.

मातीचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत राहतात, कारण त्यांच्यावर ऋण विद्युतप्रभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. खारं पाणी भेटलं की त्यातले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे धन आयन हा प्रभार झाकून टाकतात. कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, खाली बसतात. आपण पुराच्या दिवसांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, तसंच काहीसं. खाडी म्हणजे निसर्गानं तुरटी फिरवलेली जागा.

या गाळाला चिकटून इतर गोष्टीही खाली बसतात. स्फुरद, लोह आणि सांडपाण्यातून आलेले जड धातूसुद्धा. म्हणून खाडीच्या चिखलात कांदळवन माजतं, तिसऱ्या मिळतात, आणि म्हणूनच वरून आलेली घाणही तिथेच साठते. गोड्या-खाऱ्याची सीमा नदीच्या जोरानं पुढेमागे सरकते आणि तिच्याबरोबर गाळ बसण्याची जागाही सरकते.

*प्रयोग २ : काळी माती.* शेतातली मूठभर काळी माती पाण्यात ढवळा. पाच मिनिटं थांबून वरचं गढूळ पाणी दोन ग्लासांत सारखं ओता. एकात चमचाभर मीठ टाकून ढवळा, दुसरंही तेवढंच ढवळा. अर्ध्या तासानं बघा. कुठलं लवकर निवळलं? हा प्रयोग घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतो. पालकांनी मुलांबरोबर रविवारी जरूर करावा.

आता वारा

नदीचं महत्त्व मुलांना पटकन पटतं. वाऱ्याचं पटत नाही. “वारा वरनं जातोय, पाण्याच्या आत काय करणार?” असं ती म्हणतात.

त्यांना शेततळ्याकडे न्यायचं. ज्यांच्या घरी मासे सोडलेलं शेततळं आहे त्यांना माहीत असतं, की ढगाळ, कुंद, अजिबात वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. पाण्यातला प्राणवायू कमी पडलेला असतो. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. वारा नसल्यानं हवेतला प्राणवायू पाण्यात नीट मिसळत नाही. म्हणून पाणी फेसाळत ठेवणारं यंत्र लावतात. वारा हेच काम फुकट करतो.

पाण्यात प्राणवायू मावतो तरी किती? २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅम. म्हणजे पाणी खारं झालं की प्राणवायूची जागा कमी होते. गरम झालं की आणखी कमी होते. उन्हाळ्यातली खाडी खारीही असते आणि गरमही असते. तिच्याकडे शिल्लक मुळातच कमी.

वारा खाडीत चार कामं करतो.

एक, तो वरच्या थरात हवा मिसळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पाणी घुसळायला मिळणारी शक्ती दुप्पट होत नाही, ढोबळमानानं आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मंद झुळकेनं न होणारं काम दुपारचा जोराचा वारा तासाभरात करतो.

दोन, वारा पुरेसा जोराचा असेल तर दोन थर मोडतो. वरचा प्राणवायू खाली जातो, तळचं अन्नद्रव्य वर येतं.

तीन, उथळ जागी लाटा उठवून तो तळचा चिखल ढवळतो. चिखलातल्या पाण्यात साठलेलं अमोनिया आणि स्फुरद पुन्हा वर येतं. पाणी गढूळ होतं, ऊन आत जात नाही, शेवाळाची वाढ मंदावते. वारा सगळं चांगलंच करतो असं नाही.

चार, समुद्राकडून जोराचा वारा असला की तो पाणी खाडीच्या तोंडाशी रेटतो. भरतीचं खारं पाणी थोडं जास्त आत शिरतं. ओहोटीला बाहेर जाणारं पाणी थोडं अडतं.

पुस्तकातले ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ इथे उपयोगी पडतात. मार्च ते मे या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोर धरतात, संध्याकाळी मंदावतात. म्हणजे उन्हाळ्यात खाडी रोज दुपारी वाऱ्यानं ढवळली जाते. सकाळी सात वाजता घेतलेला नमुना आणि दुपारी चारला घेतलेला नमुना सारखा येईलच असं नाही. खाडीचं पाणी ‘तपासून आणलं’ असं कुणी सांगितलं, तर मुलांनी विचारायला हवं, किती वाजता? भरती होती की ओहोटी? वारा होता का? नदीला पाणी किती होतं?

*प्रयोग ३ : स्ट्रॉचा वारा.* प्रयोग १ ची बरणी पुन्हा तयार करा, पण या वेळी पसरट काचेचं भांडं घ्या. स्ट्रॉनं पृष्ठभागावर आडवी फुंकर मारा. हळू फुंकलं तर वरचाच थर पुढे सरकतो, खालचा तसाच. जोरात आणि सतत फुंकलं तर दोन थरांच्या सीमेवर लाटा उठतात आणि रंग खाली उतरू लागतो. मग वरचा थर जाड करून तेवढीच फुंकर मारा. आता मिसळायला वेळ लागतो. म्हणजे नदी थर बांधते आणि वारा ते मोडतो. खाडीतलं रसायनशास्त्र या ओढाताणीत ठरतं.

दोघांचा डाव एकत्र आला की

ही ओढाताण किती मोठी होऊ शकते, त्याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. ते खाडीच्या थोडं बाहेरचं, गोव्यासमोरच्या उथळ समुद्रातलं आहे.

पावसाळ्यात वारा आणि त्यामुळे चालणारे प्रवाह यांच्या परिणामानं किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्राकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला खोलवरचं थंड पाणी किनाऱ्याकडे वर येतं. त्यात नायट्रेट भरपूर असतं, पण प्राणवायू मुळातच कमी. त्याच वेळी नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी समुद्रावर पातळ दुलईसारखं पसरतं. ते हलकं असल्यामुळे खाली उतरत नाही. पावसाळा सरताना वारा मंदावतो, त्यामुळे ही दुलई मोडून हवा खाली पोचवायचं बळ त्याच्यात उरत नाही. वर अन्न मिळाल्यानं शेवाळ माजतं, मरतं, खाली पडून कुजतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळालगत प्राणवायू जवळपास नाहीसा होतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं. त्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, सापडला होता. नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही मोठ्या प्रमाणात होता. पुढे अनेक वर्षं गोव्यात कांदोळीसमोर ठरावीक जागी नियमित मोजमाप चालू राहिलं.

मुलांना यातून एक गोष्ट सांगता येते. वरून हिरवंगार, शांत दिसणारं पाणी खाली गुदमरलेलं असू शकतं. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पंचगंगेत बंधाऱ्यामागे पाणी तुंबून राहतं, सांडपाणी येत राहतं आणि मग तेरवाडसारख्या बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगतात, ते आपण पाहिलंय. तिथे खारं पाणी नाही, भरती नाही. पण कुजणाऱ्या घाणीनं प्राणवायू संपवायचा आणि प्रवाहानं, वाऱ्यानं तो भरून काढायचा, हा हिशेब तोच. प्रवाह थांबला की जमेची बाजू आटते.

मग आबांचं म्हणणं चूक?

आता त्या मुलाच्या वाक्याकडे परत येऊ. ‘समुद्रात गेलेलं पाणी वाया जातं.’

मी वर्गात आबांना चूक ठरवलं नाही. आपल्या भागात पाण्याचा एकेक थेंब मोजून वापरणाऱ्या शेतकऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला तर त्याहून जास्त वाटेल. कोयनेचं अवजल मुंबईकडे किंवा दुसरीकडे न्यावं, अशा सूचना अनेकदा झाल्या आहेत. पिण्याचं पाणी ही लहान गरज नाही.

पण ‘वाया’ हा शब्द तपासायला हवा. खाडीत आलेलं गोडं पाणी चार कामं करतं. खाऱ्या पाण्याला मागे ढकलतं, त्यामुळे काठच्या विहिरी आणि शेतं वाचतात. गाळ आणि सिलिका आणतं, त्यावर मासळी जगते. घाण पातळ करून बाहेर नेतं. आणि क्षारतेचा असा पट्टा तयार करतं, जिथे कांदळवन, कालवं, तिसऱ्या, कोळंबीची पिल्लं वाढतात. ते पाणी काढून घेतलं तर ही कामं कोण करणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती मुलांपासून लपवू नये. वाशिष्ठीत उन्हाळ्यात येणारं एवढं पाणी मुळात निसर्गाचं नाही. कोयना प्रकल्पाच्या आधी तिथला उन्हाळा कोकणातल्या इतर खाड्यांसारखा असणार, म्हणजे गोडं पाणी कमी आणि खार आतवर. आज तिथल्या काठच्या माणसांची आणि माशांची एक-दोन पिढ्यांची घडी या अवजलावर बसली आहे. आणि तेच पाणी कृष्णेत राहिलं असतं तर कराड, सांगली, शिरोळ करत पुढे गेलं असतं. म्हणजे एका खोऱ्यातून उचललेलं पाणी दुसऱ्या खाडीचं रसायन बदलतं. हा नुसता हिशेब आहे, यात चांगला-वाईट कुणी नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण गोव्याच्या म्हादईचं, म्हणजे मांडवीचं. तिच्या खोऱ्यातलं पाणी कळसा-भांडुरा प्रकल्पातून मलप्रभेत, म्हणजे कृष्णेच्याच उपनदीत, वळवायचा वाद आहे. म्हादई लवादानं २०१८ मध्ये त्यासाठी ३.९ टीएमसीची मुभा दिली. कर्नाटकाला पिण्याचं पाणी हवंय, गोव्याला खाडी जास्त खारी होईल याची धास्ती आहे. वर्गात दोन गट करून यावर वाद घ्या. अट एकच. प्रत्येक गटानं आपल्या म्हणण्यात ‘क्षारता’, ‘प्राणवायू’ आणि ‘प्रवाह’ हे तीनही शब्द अर्थासह वापरायचे. आवाज आपोआप खाली येतो.

आणि आपली कृष्णा? ती आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत अलमट्टी, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं आहेत. मुखापर्यंत पोचणारं पाणी आणि गाळ पूर्वीपेक्षा खूप घटला आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या विहिरीत खार शिरते, तेव्हा त्याच्या गोष्टीत आपणही असतो.

वर्गासाठी आणि घरासाठी

१. नकाशात कोयना धरणापासून दोन रेषा काढा. एक कराड, सांगली, नरसोबाची वाडी, हंसलदीवी. दुसरी पोफळी, चिपळूण, दाभोळ. कुठली किती लांब?

२. खाडीत एका ठिकाणी क्षारता २१ आली. तिथे नदीचं पाणी किती टक्के? (उत्तर : ४० टक्के.) नदीत नायट्रेट ६० आणि समुद्रात ५ असेल तर तिथे किती अपेक्षित? (उत्तर : २७.)

३. एकाच खाडीत जुलै आणि मे महिन्यात काय काय वेगळं असेल? प्रवाह, वारा, थर, प्राणवायू, गाळ असा तक्ता करा.

४. पुढच्या सहलीत कोकणात गेलात तर भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळी एकाच जागचं पाणी दोन बाटल्यांत भरून आणा. माती परीक्षण केंद्रात ईसी मोजून मिळते का विचारा.

त्या मुलानं घरी जाऊन आबांना बरणीचा प्रयोग दाखवला. दुसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाला, “आबा म्हणालं, वाया जात नसंल, पर मग मोजतंय कोण?” मी त्याला सांगितलं, हा प्रश्न वहीत लिहून ठेव. पुढच्या वर्षी कोयना भरेल तेव्हा पुन्हा काढू.